न भाजलेला वाफा

सगुणाच्या घरची राख कधी उकिरड्यावर गेली नाही. सकाळी चूल सारवायच्या आधी ती निखारे वेगळे करायची, राख सुपात काढायची, दिवसभर दाराआड गार व्हायला ठेवायची आणि दिवेलागणीच्या आधी टोपलीत भरून शेताकडे निघायची. पिंपळशेतात कुणाला त्यात काही नवल वाटत नसे. सगळ्यांचीच राख शेताला जायची. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला कुठे निघालीस म्हणून कोण विचारतं?

पिंपळशेत म्हणजे मलंगगडाच्या पायथ्याचं गाव, कल्याणच्या बाजारापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. सगुणा मूळची माजिवड्याची, खाडीकाठची. तिच्या माहेरी भिजवून मोड आणलेलं भात सरळ खाऱ्या चिखलात फेकायचे, की झालं. लग्न होऊन इथे आली त्या पहिल्याच वैशाखात शेतातून धुराचे लोट उठलेले बघून ती "शेत पेटलं, शेत पेटलं" करत घरात धावली होती. अंगणातल्या बाया हसून हसून लोळल्या. गावची सुईण तुळसा तर पुढे कित्येक वर्षं तिला भेटली की विचारायची, "काय गो माजिवड्याचे, आज कुनाचं शेत पेटलं?"

ते पेटणं म्हणजे राब. भाताची रोपं ज्या वाफ्यात वाढवायची त्यावर आधी शेण पसरायचं, शेणावर ऐनाच्या फांद्या, त्यावर पेंढा, वर बारीक मातीचा थर, आणि मग आग द्यायची. भाजलेल्या मातीत तण उठत नाही आणि रोप काळंभोर होतं. फांद्या रानातून यायच्या. पुरुष झाडावर चढून कोयत्याने तोडायचे, बाया भारे वाहायच्या. मग सरकारने रानाच्या कडेने हद्दीचे दगड पुरले, खाकी कपड्यांतले शिपाई नेमले, आणि फांदी तोडणं ही चोरी झाली.

पूर्वी असं काही संकट आलं की गावकी देवळापुढे बसायची, शपथेला बेलभंडारा उचलायची आणि सगळं गाव एका तोंडाने बोलायचं. ते तोंड कधी मामलेदारापर्यंत पोचायचं, कधी नाही. पण अठराशे पंच्याऐंशी सालाच्या सुमाराला ठाण्यात सभा निघाली. तिचे चिटणीस त्र्यंबकराव वकील. अध्यक्ष कल्याणचे गोपीनाथशेठ. त्यांच्या जमिनी पाच-सहा गावांतून पसरलेल्या, आणि जमिनींवर त्यांच्या मालकीची झाडं. सभा गावोगाव फिरली तशी पिंपळशेतातही आली. पिंपळाखाली मेज मांडलं गेलं. त्र्यंबकराव म्हणाले, "बेलभंडारा सरकारला कळत नाही. सरकारला अर्ज कळतो. एकेका गावाने रडायचे दिवस गेले. आता सबंध जिल्ह्याने मिळून मागायचं."

लोकांना ते पटलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी, म्हणजे सगळ्यांनीच, सहीच्या जागी नांगराची खूण काढली. भिवा पाटील शेजारी उभा राहून सांगत होता, "फाळ खाली येऊ द्या रे! न्हायतर सरकार म्हनंल, या लोकांना नांगर पन सरळ धरता येत न्हाय, फांद्या कशाला देयाच्या?"

सगुणाचा नवरा धाकू या सभेच्या नादी लागला. माणूस बोलका, मनाने मोकळा, आणि वकिलासारख्या शिकलेल्या माणसाने खांद्यावर हात ठेवला की हुरळणारा. सभा कल्याणला असो की ठाण्याला, हा निघाला. त्र्यंबकरावांची छत्री धरायची, गावोगावी निरोप पोचवायचे. घरी आला की जेवतानाही त्याच्या तोंडी ठराव असायचा. "आज कोरड्यास काय, त्याचा ठराव झाला का न्हाय?"

"तुमच्या सभेला इचारा," सगुणा म्हणायची, "घरात मीठ हाय का म्हनून."

त्या फाल्गुनात तिचं पहिलं बाळ गेलं. बारशाआधीच गेलं, त्यामुळे त्याला नावसुद्धा नव्हतं. धाकू त्या दिवशी ठाण्याला होता. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. तुळसाने बाळ पदराखाली घेतलं, सगुणा मागून गेली, आणि धाकूच्या शेताच्या टोकाला, बांधालगतच्या कुड्याच्या झुडपापाशी तुळसाने खड्डा केला. सगुणाने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आत अंथरला. माती ओढून झाल्यावर तुळसा म्हणाली, "मागं बगू नको." सगुणाने बघितलं.

धाकू परत आला तेव्हा त्याला "शेताकडं ठेवलं" एवढंच सांगितलं गेलं. शेताकडे कुठे, हे त्याने विचारलं नाही. असलं पुरुष विचारत नाहीत.

दूध आटायला वेळ लागला. चोळी भिजायची. तुळसाने बजावलं होतं, ते दूध पायाखाली येईल असं सांडू नको, झाडाच्या मुळाशी पीळ. सगुणा संध्याकाळी कुड्यापाशी जाऊन बसायची.

तेवढ्यात रानाच्या चौकशीसाठी नेमलेला साहेब कल्याणला आला. सभेच्या लोकांनी त्याला सांगितलं, राब नसेल तर भात नाही. साहेब म्हणाला, "सगळे असंच सांगतात. मला डोळ्यांनी बघायचं आहे. शेजारी-शेजारी दोन वाफे करा. एकाला राब द्या, दुसऱ्याला काही म्हणजे काही देऊ नका. बी एकच. रोपं वाढली की मी येईन."

आपल्या शेतात सरकारी खुंट्या ठोकून घ्यायला कोणी तयार होईना. एकदा खुंटी ठोकली की सरकार जमीन सोडत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. धाकू उठला. "माजं शेत घ्या." त्र्यंबकरावांनी भर बैठकीत त्याची पाठ थोपटली. "तुझं शेत म्हणजे आता सबंध जिल्ह्याचा साक्षीदार, धाकू."

साहेबाचा कारकून आला, दोऱ्या ताणल्या, खुंट्या मारल्या. राबाचा वाफा वाटेच्या बाजूला आला आणि बिनराबाचा बांधाच्या बाजूला, थेट कुड्याच्या झुडपापर्यंत. सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तुळसाही होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

वैशाखात गावभर वाफे पेटले. अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्या वर्षापुरती शिपायांनी जरा डोळेझाक केली होती. धाकूने वाटेकडच्या वाफ्याला आग दिली. धूर बांधाकडच्या वाफ्यावरून सरकत गेला, पण तो वाफा तसाच राहिला, कोरा, भेगाळलेला. धाकूने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"यात काय पडता कामा नये, समजलीस? पान न्हाय, शेन न्हाय, काय न्हाय. मी साहेबापुढं शब्द दिलाय." मग खुशीत येऊन तो म्हणाला, "हा मेला म्हंजे आपन जिकलो."

सगुणा मागे वळली. तिला घरी जाऊन चूल पेटवायची होती.

दोन्ही वाफ्यांत बी पडलं. पाऊस लागला, कोंब वर आले. राबाच्या वाफ्यातले कोंब हिरवे, जाड. पलीकडचे पिवळट, केसासारखे. धाकू येताजाता बघायचा आणि खूश व्हायचा. गावातले लोकही मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. भिवा पाटील म्हणायचा, "ह्येच्या मयताला लाडू करू रे!"

एका दिवेलागणीला सगुणा बांधावरून जात होती. पाऊस थांबलेला होता. तिला आवाज आला. रडणं नव्हतं ते. रडायच्या आधी मूल जो आवाज करतं, झोपेत ओठ चाळवून आईला शोधतं, तसा. ती उभी राहिली. बेडूक असतील, मनाशी म्हणाली. बेडूक गप्प झाले तरी आवाज होता. तो वाफ्यातून येत होता. फक्त कुड्यापासून नाही, सगळ्या वाफ्यातून, त्या पिवळ्या केसांच्या मुळांतून. दूध तर कधीच आटलं होतं, तरी तिची छाती दुखायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिच्या टोपलीतली राख राबाच्या वाफ्यापर्यंत गेली नाही. तिने ती मुठीमुठीने पलीकडच्या वाफ्यात पसरली. त्या संध्याकाळी आवाज आला नाही. त्याच्या पुढच्या संध्याकाळी आला. मग ती रोज जाऊ लागली. राख न्यायची, शेण कालवलेलं पाणी न्यायची, तांदळाचं धुवण न्यायची. एकदा घरात पेज उरली होती, तीही नेली. आपण काय करतो आहोत हे तिला कळत नव्हतं असं नाही. धाकूचा शब्द तिला माहीत होता. पण भाकरी थापताना एकीकडे तिला वाटायचं, आजच्या दिवस. उद्या नाही नेणार. उद्या सगळेच म्हणतात तसं मरू दे. आणि संध्याकाळ झाली की हात आपोआप टोपलीकडे जायचे. पाऊस राख धुऊन मातीत मुरवायचा. खूण राहायची नाही.

रोपं सावरली. धाकूला ते जाणवलं तेव्हा तो म्हणाला, "जरा हिरवी झालीत गो. पावसाचं असंल." आणि दोन दिवस त्याने नीट जेवण केलं नाही.

साहेब आला. त्याच्याबरोबर त्र्यंबकराव, गोपीनाथशेठ आणि आसपासच्या गावांचे पुढारी. साहेबाने काठी रोवून दोन्हीकडची रोपं मोजली. बांधाकडचा वाफा वाटेकडच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता. कुड्यापाशी तर जास्तच दाट होता. साहेब हसला आणि कारकुनाला काही सांगितलं. गोपीनाथशेठ उपरण्याने वारा घेत राहिले. धाकू गुडघ्यावर बसून एक रोप उपटून बघत होता, मुळं उलगडत होता, वास घेत होता. साहेबाने त्याला तंबूत बोलावून शपथेवर विचारलं, "वाफ्यात काही घातलंस?" तो म्हणाला, "न्हाय." ते खरं होतं.

निकाल दिवाळीनंतर आला. भाताला राब लागतोच असं दिसत नाही, म्हणून हद्दीतल्या झाडांना हात लावायचा नाही. मात्र ज्यांच्या स्वतःच्या जमिनीवर मालकीची झाडं आहेत, त्यांनी ती खुशाल छाटावीत. कल्याणला गोपीनाथशेठांच्या आमराईत सभा भरली आणि सरकारचे आभार मानले गेले.

भिवा पाटील तिथून चालत आला आणि पिंपळाखाली पागोटं आपटून बसला. "अर्जाला नांगर आमचे, आनि फांद्या त्यांना! काय सभा हाय!"

मग बोलणं धाकूवर आलं. तो तंबूत जाऊन आला होता. वाफा त्याच्या शेतात होता. शेठच्या माणसांत तो ऊठबस करत होता. वाफा आपोआप कसा पोसला? पाणवठ्यावर सगुणा आली की बाया बाजूला सरून जागा करून द्यायच्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. धाकू वकिलाची छत्री कशी धरायचा, याची आता पोरंटोरं नक्कल करून दाखवू लागली. तो बोलायचा थांबला. रात्री पाठ करून निजायचा. सगुणाला पुन्हा दिवस गेले होते; तेही त्याला तिने सांगावं अशी वेळ मिळाली नाही, त्याला तुळसाकडून कळलं.

मार्गशीर्षात गावकी बसली. सभा, अर्ज, वकील सगळं बाजूला ठेवून पुन्हा जुन्या रीतीने. बैठक देवळापुढे नव्हती, धाकूच्या शेतात होती, त्या वाफ्यापाशी. कापणी झालेली, वाफ्यात धसकटंही नव्हती. भिवा पाटलाने धाकूला सांगितलं, "हितलीच माती डोक्यावर घे, बेलभंडारा हातात घे, आनि सांग. माज्या घरातल्या कुनाच्या हातानं या वाफ्यात कायसुदीक पडलं न्हाय. पडलं असंल तर माजा वंस बुडो."

धाकू म्हणाला, "घेतो. दोन येळा घेतो." त्याचा चेहरा उजळला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. त्याने वाकून ओंजळभर माती उचलली, नेमकी कुड्यापाशची.

बाया बांधाच्या वर उभ्या होत्या. सगुणाचा हात पोटावर गेला. माती धाकूच्या बोटांतून झिरपत होती आणि तो ती डोक्याकडे नेत होता.

"माती खाली ठेवा," ती म्हणाली.

कुणाला तरी वाटलं, बाईमाणूस बैठकीत बोललं कसं. भिवा पाटील मागे वळला. सगुणा बांध उतरून खाली आली. "ठेवा ती खाली. मी घातलंय. राख घातली, शेनपानी घातलं. रोज घातलं."

"का?" धाकूने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"तुमी बोललात, हा मेला म्हंजे आपन जिकलो."

त्याला कळेना. तो एकदा वाफ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. तेव्हा तुळसा वरून बोलली. म्हातारीचा आवाज एरवी गावभर ऐकू जायचा. त्या दिवशी पुढे वाकून ऐकावा लागला. "तुजं पोर हाय तिथं, धाकू. तू ज्या जागची माती घेतलीस नं, तिथंच. मीच ठेवलंय. खुट्या मारल्या तवा मी बगत हुते. मला कुनी इचारलं न्हाय."

धाकूच्या ओंजळीतली माती पडली नाही. त्याने ती हळूच जिथली तिथे ठेवली आणि वर हात फिरवून सारखी केली, जशी आई झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करते. मग हात कुठे पुसावेत हे न कळून तो तसाच उभा राहिला.

गावकीने शिक्षा दिली नाही. कुणाला द्यायची? भिवा पाटील एवढंच म्हणाला, "वकिलाला सांगा. बाई साहेबापुढं बोलंल, तर निकाल फिरंल."

दोघं ठाण्याला गेली. कल्याणपर्यंत पायी, पुढे आगगाडीने. त्र्यंबकराव ओटीवर सुपारी कातरत बसले होते. सगुणा अंगणात उभी राहिली. आतल्या बाईने वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. धाकूने सगळं सांगितलं. वकिलांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ती खरं बोलते आहे, हे मला दिसतंय," ते म्हणाले. "म्हणूनच तिने बोलू नये. अरे, साहेब हसेल. आणि वर विचारील, चुलीतल्या राखेने भागतं तर रान कशाला हवं? काय सांगशील?"

"येका वाफ्याला भागतं, रावसाहेब. गावाला न्हाय पुरत. सगळ्या चुली येका वाफ्यात ओतल्या तरच."

"ते तुला कळतं, मला कळतं."

"मग साहेबाला कळवा की."

त्र्यंबकरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "सभेपुढे आता दुसरे विषय आहेत, धाकू. तू येत जा मात्र. तुझ्यासारखी माणसं हवीत."

परतताना दिवा गावाजवळ खाडीकाठाने गाडी जात होती तेव्हा सगुणाने खारी जमीन बघितली. तिच्या माहेरासारखी. तिथे काही जाळावं लागत नाही. तिला वाटलं, आपण तिथेच राहिलो असतो तर बाळ पुरायला जागाच नसती, भरतीचं पाणी शिरतं. धाकू बाहेर बघत म्हणाला, "छत्री मी उगाच धरली." तो पुन्हा सभेला गेला नाही.

वैशाख आला. रानाच्या हद्दीवर शिपाई दुप्पट झाले होते. गावातून धूर उठला नाही. फांद्या नव्हत्या, पेंढा होता तेवढा गुरांना हवा होता. गावकी आता वाफ्यापाशीच बसायची. तशी रीत पडून गेली होती. येताना कुणी चिमूटभर राख आणून कुड्याच्या बुंध्याशी टाकायचं, कुणी भाताची मूठ. कुणी ठरवून दिलं नव्हतं. सगुणाला ते बघवत नसे, आणि नको म्हणायचाही धीर होत नसे.

त्या दिवशीच्या बैठकीत ठरलं, की उद्या उजाडताच प्रत्येक घरातला एक कोयता रानात जायचा. सगळे एकदम. शिपायांनी धरलं तर सगळ्यांना धरावं लागेल, एकट्याला नाही. अर्ज नाही, वकील नाही. भिवा पाटलाने विचारलं, "म्होरं कोन चालंल?" धाकू उठला. लोक त्याच्याकडे बघत राहिले आणि मग एकेकाने मान हलवली.

तो घरी येऊन कोयत्याला धार लावत बसला. सगुणा अगदी भरत आली होती. तुळसा रोज चक्कर टाकून जायची. "जाऊ ना?" त्याने विचारलं. कुठल्याही गोष्टीबद्दल त्याने तिला असं पहिल्यांदाच विचारलं होतं.

"जावा," ती म्हणाली.

मग टोपली कमरेवर घेऊन ती बाहेर पडली. ऊन उतरलं होतं. गावाच्या कडेला सगळ्यांचे वाफे पसरलेले, कोरे, भेगाळलेले, न भाजलेले. एरवी या दिवसांत ते काळे आणि ऊबदार असायचे. ती आपल्या बांधावर पोचायच्या आधीच तिला आवाज आला. तिने पाऊल थांबवलं. आवाज तिच्या वाफ्यातून नव्हता येत. तिचा वाफा शांत होता, मूल पोट भरून निजावं तसा. आवाज भिवा पाटलाच्या शेतातून येत होता. त्याच्या पलीकडच्या शेतातून येत होता. देवळामागच्या, ओढ्याकाठच्या, सगळ्या शिवारातून, तसाच, ओठ चाळवल्यासारखा, रडायच्या आधीचा.

वाटेवर आणखी बाया टोपल्या घेऊन निघालेल्या दिसत होत्या. त्यांना काही ऐकू येत होतं की नाही, हे त्यांच्या चालण्यावरून कळत नव्हतं. तुळसा मागून आली आणि तिच्या बाजूला उभी राहिली. "काय गो माजिवड्याचे?" तिने हळूच विचारलं, आणि पुढचं बोललीच नाही.

पोटातल्या बाळाने कूस बदलली. सगुणाने टोपली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली. राख एकच टोपली होती, आणि आधी कुणाला द्यायची हे तिला ठरवता येईना.